गाडीचा ए.सी. : गॅस भरण्याआधी दोष शोधा

उन्हाळा सुरू झाला की ए.सी.च्या गॅरेजमध्ये एकच वाक्य वारंवार ऐकू येते : "उस्ताद, थंड होत नाही, गॅस टाकून द्या." रोगाचे नाव गिऱ्हाईकच सांगतो आणि औषधही तोच सुचवतो. कारागीर बाटली लावतो, पैसे घेतो, गाडी थंड होऊन निघून जाते. पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने तीच गाडी पुन्हा दारात येते. गिऱ्हाईक म्हणतो, उस्तादाने खराब गॅस भरला. उस्ताद म्हणतो, गाडीच जुनी आहे. दोघांचेही नुकसान होते. एकाचे पैशाचे, दुसऱ्याच्या नावाचे.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. पान्हा हातात धरणे हे आमचे रोजचे काम नव्हे. परंतु माल पोचविणाऱ्या गाड्या, भाड्याच्या टॅक्सी आणि त्यांची दुरुस्ती यांच्याशी आमचा अनेक वर्षांचा संबंध आहे. जाणत्या कारागिरांजवळ उभे राहून व विचारपूस करून जे समजले, ते येथे क्रमवार मांडत आहोत. गाडीमालकाला हा लेख फसवणुकीपासून वाचवील. ए.सी.चे काम शिकणाऱ्या तरुणांना तपासणीचा एक शिस्तशीर क्रम मिळेल.

१) गॅस संपत नाही, गळतो

पहिली गोष्ट नीट समजून घ्यावी. पेट्रोल जळून संपते, ए.सी.चा गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून आणि रबरी होजमधून वर्षाकाठी थोडे ग्रॅम झिरपतात, हे खरे. म्हणून पाच-सहा वर्षे वापरलेल्या गाडीत गॅस किंचित कमी भरला तर नवल नाही. पण एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरावा लागत असेल तर कोठेतरी भोक आहे हे निश्चित समजावे. भोक न बुजवता गॅस भरणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य ओतणे होय.

दुसरे असे की, थंडावा कमी होण्याची कारणे अनेक आहेत व त्यांपैकी कित्येकांचा गॅसशी काहीच संबंध नसतो. साचलेली धूळ, बंद पडलेला पंखा, सैल पट्टा, उडालेला फ्यूज, अडकलेली झडप, यांपैकी कशानेही गाडी गरम राहू शकते. अशा गाडीत आणखी गॅस भरला तर दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि पन्नास रुपयांचे दुखणे हजारोंचे होऊन बसते.

२) यंत्राची रचना

ए.सी. थंडी तयार करीत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी पाच मुख्य भाग लागतात.

कॉम्प्रेसर हा इंजिनच्या पट्ट्यावर चालतो व गॅस दाबतो. दाबलेला गरम गॅस पुढे रेडिएटरच्या समोर बसविलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तेथे बाहेरची हवा लागून त्याची उष्णता निघून जाते आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून जातो. ड्रायर ओलावा शोषून घेतो व कचरा अडवितो. पुढे एक्सपान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रातून द्रव एकदम कमी दाबाच्या जागेत सुटतो आणि अतिशय थंड होतो. डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो आतील हवेची उष्णता शोषून पुन्हा गॅस बनतो आणि कॉम्प्रेसरकडे परत येतो. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो. तीच थंड हवा आपल्या अंगावर येते.

कूलिंग कॉइलवर हवेतला ओलावाही पाणी होऊन साचतो व नळीने खाली गळतो. उभ्या गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी हे दोषाचे नव्हे, तर यंत्र चालू असल्याचे चिन्ह आहे. मात्र हेच पाणी पायाखालच्या गालिच्यात येऊ लागले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे, एवढाच त्याचा अर्थ. नळी साफ केली की काम झाले.

कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते, हे कारागिराने कधीही विसरू नये. गॅस कमी झाला की तेलाचे फिरणेही कमी होते. म्हणूनच दाब फार कमी झाला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो. काही ठिकाणी त्या स्विचच्या दोन वायरी जोडून कॉम्प्रेसर 'डायरेक्ट' चालविला जातो. तो तेलाविना फिरून जाम होतो आणि त्याचा धातूचा चुरा साऱ्या नळ्यांत पसरतो. मग कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, ड्रायर आणि वॉल्व्हही बदलण्याची पाळी येते.

३) आधी लक्षणे पाहा

गेज लावण्याआधी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारावेत. हवाच कमी येते की हवा येते पण गरम येते? दोष एकदम आला की हळूहळू? उभ्या गाडीत होतो की धावत्या? अलीकडे गाडीचे दुसरे काही काम किंवा अपघात झाला काय? या उत्तरांतून निम्मा दोष हाती लागतो.

(अ) हवाच कमी येते : प्रथम केबिन फिल्टर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो व हाताने निघतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावी गाडी कारखान्याच्या दारात उभी राहते. हवेत सुताचे तूस उडत असते. तेथे हा फिल्टर इतर गावांपेक्षा लवकर भरतो. फिल्टर स्वच्छ असून हवा कमी असेल तर ब्लोअर पाहावा. ब्लोअर केवळ शेवटच्या वेगावर चालतो व खालच्या वेगांवर बंद राहतो, तेव्हा जुन्या पद्धतीच्या गाड्यांत बहुधा रेझिस्टर जळालेला असतो. तो लहानसा भाग आहे. त्यासाठी पूर्ण ब्लोअर बदलण्याचे कारण नाही.

(आ) सुरुवातीला उत्तम थंड, अर्ध्या तासाने हवा बंद, थोडा वेळ ए.सी. बंद ठेवला की पुन्हा ठीक : कूलिंग कॉइलवर बर्फ जमत आहे. कॉइलचे तापमान मोजणारा थर्मोस्टॅट किंवा सेन्सर बिघडला असावा, किंवा फिल्टर तुंबून कॉइलवर हवाच पोचत नसावी.

(इ) धावत्या गाडीत थंड, सिग्नलला गरम : कंडेन्सरला हवा मिळत नाही. गाडी धावते तेव्हा वारा मिळतो, उभी राहिली की पंख्यावर भिस्त असते. ए.सी. चालू केल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतो का, हे डोळ्यांनी पाहावे. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि मोटर या क्रमाने तपासावे. पंखा ठीक असेल तर कंडेन्सरवर साचलेला कचरा पाहावा. सोपी परीक्षा अशी की, ए.सी. चालू ठेवून कंडेन्सरवर साध्या पाण्याची धार सोडावी. हवा लगेच थंड झाली तर दोष कंडेन्सरच्या हवेत आहे, गॅसमध्ये नाही. धुताना जोराचा फवारा मारू नये. पातळ पत्र्या वाकल्या की हवा कायमची अडते.

(ई) हवा भरपूर पण मुळीच थंड नाही : बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा क्लच पाहावा. ए.सी.चे बटण दाबल्यावर 'टक्' असा आवाज होऊन क्लचची पुढची चकती पट्ट्याबरोबर फिरू लागली पाहिजे. नसेल तर क्लचपर्यंत करंट येतो का ते मल्टिमीटरने पाहावे. करंट येतो पण चकती ओढली जात नाही, तर क्लचची कॉइल जळालेली आहे किंवा चकतीतील फट झिजून वाढली आहे. करंटच येत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच व सेन्सर पाहावेत. काही नव्या कॉम्प्रेसरांना असा क्लच नसतोच; त्यांचे काम आतील झडपेवर चालते, म्हणून तेथे 'टक्' आवाजाची वाट पाहू नये.

(उ) डॅशबोर्डमागे टकटक आवाज : हवेची दिशा किंवा गरम-थंड मिश्रण ठरविणारी झडप फिरविणाऱ्या लहान मोटरचा दाता तुटलेला असतो.

४) गेज काय सांगते

गेजच्या बाबतीत एक मोठा गैरसमज आहे. इंजिन बंद असताना गेज लावून, "दाब पुरेसा आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे," असे सांगितले जाते. हे बरोबर नाही. नळ्यांत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी बंद गाडीतला दाब त्याच्या प्रमाणावर नव्हे, तापमानावर ठरतो. १३४-ए गॅसचा दाब ३० अंश सेल्सिअसला सुमारे ९७ पाउंड व ३५ अंशांना सुमारे ११५ पाउंड असतो. मग गॅस पूर्ण असो की अर्धा. घरातला स्वयंपाकाचा सिलिंडर अर्धा झाला तरी शेगडी तशीच जळते, तसेच हे. बंद गाडीतला दाब यापेक्षा फार कमी असेल तर गॅस जवळजवळ निघून गेला आहे, एवढेच त्यावरून कळते.

खरे वाचन गाडी चालू ठेवून होते. इंजिनाचा वेग मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास, ब्लोअर पूर्ण आणि थंडावा पूर्ण ठेवावा. बाहेर ३०-३५ अंश असताना निरोगी यंत्रात निळ्या गेजवर साधारण २० ते ३५ पाउंड आणि लाल गेजवर २०० ते २३० पाउंड दिसतात. विदर्भ-खानदेशच्या कडक उन्हात लाल गेज यापेक्षा बरेच वर जाते व तेही योग्यच असते. म्हणून बाहेरचे तापमान न पाहता आकड्यावर बोलू नये. नक्की आकडे त्या गाडीच्या कंपनीच्या तक्त्यात पाहावेत.

आता दोषांची वाचने पाहू :

– दोन्ही कमी : गॅस कमी. गळती शोधावी.

– दोन्ही जास्त : गॅस अधिक भरला आहे, किंवा नळ्यांत हवा शिरली आहे, किंवा कंडेन्सर तापतो आहे. कंडेन्सरवर पाणी टाकून पाहावे.

– निळे जास्त, लाल कमी : कॉम्प्रेसर आतून झिजला आहे. परंतु त्यावर शिक्कामोर्तब करण्याआधी गॅसचे वजन व झडप तपासावी, कारण हाच सर्वांत महाग भाग आहे.

– निळे शून्याकडे किंवा त्याखाली, लालही कमी : वाटेत अडथळा. एक्सपान्शन वॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला आहे. ज्या जागी नळी एकदम गार पडते किंवा तिच्यावर दव जमते, तेथे अडथळा असतो.

– काही वेळ ठीक, मग निळे शून्याखाली, पुन्हा ठीक : यंत्रात ओलावा आहे. पाण्याचा थेंब वॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, वाट बंद होते; वितळला की उघडते.

गेजबरोबर एक साधा थर्मामीटर मधल्या जाळीत ठेवावा. दुरुस्तीपूर्वी किती व नंतर किती, हे दोन आकडे गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की वाद उरत नाही. मुंबईसारख्या दमट हवेत कॉइलची बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. त्यामुळे तेथे जाळीतले तापमान कोरड्या गावापेक्षा थोडे अधिक असणे साहजिक आहे.

५) गळती कशी शोधावी

तेल गॅसबरोबर फिरते, म्हणून गॅस जेथून गळतो तेथे बहुधा तेलही येते. तेलावर धूळ बसून काळा, चिकट डाग पडतो. नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचा पुढचा सील, कंडेन्सरचे कोपरे, दगड लागू शकणारा पुढचा भाग आणि गॅस भरण्याच्या तोंडातील पिन, या पाच जागा आधी डोळ्यांनी पाहाव्यात. पिनमधून गळती असली तर दुरुस्ती अगदी स्वस्तात होते, आणि नेमकी तीच जागा पाहायची राहून जाते.

डाग सापडला नाही तर साबणाचे पाणी, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वापरावा. यंत्र पूर्ण रिकामे असेल तर कोरड्या नायट्रोजनचा दाब द्यावा. त्यासाठी रेग्युलेटर हवाच आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेपुढे दाब नेऊ नये. येथे अत्यंत महत्त्वाची सूचना : ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही लावू नये. तेल व दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही भरू नये. तिच्यात पाणी असते, आणि १३४-ए गॅस हवेत मिसळून दाबाखाली आला तर पेटू शकतो.

सर्व बाहेरचे भाग निर्दोष निघाले, तरच डॅशबोर्डमधील कूलिंग कॉइलवर संशय घ्यावा. ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवून, मग डिटेक्टरचे टोक जाळीजवळ किंवा निचऱ्याच्या नळीजवळ धरले की पुरावा मिळतो. पुराव्याशिवाय डॅशबोर्ड उघडू नये. ते दिवसभराचे काम आहे, आणि टॅक्सीवाल्याचा दिवस गेला म्हणजे त्या दिवसाची रोटी गेली.

६) दुरुस्तीचा क्रम

पहिली पायरी : शिल्लक गॅस मशीनने काढून घ्यावा व त्याचे वजन लिहावे. किती गॅस निघाला यावरून किती गळला ते कळते. तो हवेत सोडू नये. १३४-ए ओझोनला धक्का लावीत नाही, पण वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक उष्णता अडवितो.

दुसरी पायरी : गळका भाग बदलावा किंवा दुरुस्त करावा. उघडलेल्या प्रत्येक सांध्याची ओ-रिंग नवी घालावी, तीही १३४-एला चालणारी, आणि त्याच तेलाचा हात लावून. यंत्र बराच काळ उघडे राहिले असेल तर ड्रायर बदलावा. त्यातले शोषक द्रव्य हवेतला ओलावा पिऊन निकामी होते.

तिसरी पायरी : तेल. बदललेल्या भागात जेवढे तेल गेले तेवढेच भरावे. १३४-एसाठी बहुधा पी.ए.जी. जातीचे तेल लागते व ते हवेतला ओलावा झपाट्याने ओढते. म्हणून डबा उघडा ठेवू नये.

चौथी पायरी : व्हॅक्यूम. पंपाने निदान अर्धा तास हवा ओढावी. कमी दाबात पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होते व बाहेर निघते. हेच व्हॅक्यूमचे खरे काम. समुद्रकाठच्या मुंबईत पूर्ण व्हॅक्यूमला गेज ३० इंचांजवळ येते, पुण्याच्या उंचीवर सुमारे २८ इंचांवरच थांबते. पुण्यातल्या कारागिराने दोन इंच कमी दिसले म्हणून पंप खराब ठरवू नये. नंतर झडप बंद करून दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा परत फिरला तर गळती किंवा पाणी अजून शिल्लक आहे. गॅस भरू नये.

पाचवी पायरी : गॅस काट्यावर तोलून भरावा. बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर गॅसचे नाव व ग्रॅम छापलेले असतात. लहान गाडीत एकूण गॅस बहुधा अर्ध्या किलोच्या आत-बाहेर असतो, त्यामुळे पन्नास ग्रॅमचा फरकही लहान नाही. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे पाहून भरण्याची रीत जुन्या आर-१२ गॅसच्या काळातली आहे. १३४-ए त्या रीतीने भरला तर हमखास जास्त होतो. कापडाच्या पेढीवर कोणी नजरेने मीटर मोजून देत नाही. गॅसही नजरेने मोजून देऊ नये.

हे काम करताना डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे असावेत, कारण सुटलेला द्रव गॅस कातडी गोठवतो. जवळ विडी-सिगारेट किंवा वेल्डिंग नको. हा गॅस ज्वाळेत गेला की विषारी धूर होतो.

७) क्लायमेट कंट्रोलच्या गाड्या

बटण फिरवून थंडावा कमी-जास्त करण्याऐवजी 'मला २४ अंश हवे' असे सांगता येणारी स्वयंचलित व्यवस्था अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांत १९६४ साली आली. आज ती आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही असते. तिचा गॅसचा भाग वर सांगितला तसाच आहे. फरक एवढाच की हुकूम देणारा माणूस नसून संगणक आहे, आणि तो सेन्सरांच्या सांगण्यावर चालतो. सेन्सर खोटे बोलला की संगणक चुकीचा हुकूम देतो व यंत्र निर्दोष असूनही गाडी गरम राहते.

एक नेहमीचा प्रकार सांगतो. पुढच्या बंपरचे काम करताना बाहेरचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर लावायची राहून जाते. हा सेन्सर थंडीत रोध वाढविणारा असतो. वायर तुटली म्हणजे रोध अमर्याद. संगणक समजतो की बाहेर बर्फ पडत आहे, आणि कॉम्प्रेसर लावीतच नाही. मीटरवर बाहेरचे तापमान उणे तीस-चाळीस दिसत असेल तर नागपूरच्या मे महिन्यात ते कसे शक्य आहे, एवढा विचार केला तरी दोष सापडतो. म्हणूनच अपघाताविषयी आधी विचारावे असे वर म्हटले.

सेन्सर काढून मल्टिमीटर लावावा, आधी बर्फाच्या पाण्याजवळ व मग कोमट पाण्याजवळ धरावा. रोध बदलला तर सेन्सर बहुधा जिवंत आहे. तोच आकडा राहिला तर मेला. आतले तापमान मोजणारा सेन्सर डॅशबोर्डवरच्या लहान जाळीमागे असतो. ती जाळी धुळीने किंवा चिकटविलेल्या शोभेच्या वस्तूने बंद झाली तरी चुकीचे माप जाते.

एक बाजू थंड व दुसरी गरम असेल तर गरम-थंड मिश्रणाची झडप पाहावी. तापमान सर्वांत खाली, मग सर्वांत वर करून दोन्ही बाजूंची हवा हाताने पाहावी. एक बाजू बदलतच नसेल तर त्या बाजूची मोटर अडकली आहे. बॅटरी काढून लावल्यानंतर काही गाड्यांत या मोटरांना त्यांची जागा पुन्हा 'शिकवावी' लागते. स्कॅनरने किंवा कंपनीच्या पुस्तकातील रीतीने ते होते. त्यासाठी नवी मोटर विकणे बरोबर नाही.

विजेवर चालणाऱ्या व हायब्रिड गाड्यांतला कॉम्प्रेसर बहुधा पट्ट्याऐवजी बॅटरीच्या विजेवर चालतो आणि हा दाब शेकडो व्होल्टचा असू शकतो. नारिंगी रंगाच्या केबलला शिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नये, ती जीव घेऊ शकते. या कॉम्प्रेसरला बहुधा पी.ओ.ई. जातीचे वेगळे तेल लागते, साधे पी.ए.जी. तेल गेले तर विजेचा बचाव बिघडतो. अनेक अशा गाड्यांत हाच ए.सी. मोठ्या बॅटरीलाही थंड ठेवतो. ज्या तरुणांना हा धंदा पुढे न्यायचा आहे, त्यांनी हे शिक्षण आताच घ्यावे.

८) गॅसची निवड

पूर्वी गाड्यांत आर-१२ असे. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला व अशा गॅसांचे उत्पादन आपल्याकडे १ ऑगस्ट २००८ पासून बंद झाले. त्याच्या जागी १३४-ए आला. युरोपात २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत हाही चालत नाही. तेथे बहुतेक १२३४-वाय.एफ. वापरतात, जो सौम्य ज्वालाग्राही आहे. आपण २०२१ साली किगाली दुरुस्तीला मान्यता दिली, तेव्हा १३४-एचा वापरही पुढे टप्प्याटप्प्याने घटणार आहे. म्हणून प्रत्येक गाडीवरची चिकटपट्टी वाचावी आणि तिच्यावर लिहिलेलाच गॅस भरावा.

स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस किंवा त्याच जातीचे मिश्रण भरण्याचा प्रकार अतिशय घातक आहे. कूलिंग कॉइल बसणाऱ्यांच्या समोरच असते. ती गळली की ज्वालाग्राही गॅस बंद गाडीत साचतो, आणि मागच्या सीटवर मुलेबाळे असतात. नकली १३४-एचा धोकाही खरा आहे. २०११ साली जहाजांवरच्या शीतकंटेनरांत मिथाइल क्लोराइडची भेसळ असलेला गॅस गेला होता. तो अॅल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेटणारा पदार्थ बनला. स्फोट होऊन व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये कामगार दगावले. गाडीच्या ए.सी.तही अॅल्युमिनियमच असते.

बाटलीची एक प्राथमिक परीक्षा करता येते. सावलीत स्थिर झालेल्या बाटलीला ३० अंशांवर सुमारे ९७ पाउंड दाब दिसावा. दीडशेच्या वर दिसला तर तो आर-२२ किंवा दुसराच काही आहे. पण काही मिश्रणे मुद्दाम सारखाच दाब देणारी बनविलेली असतात. तेव्हा खरी खात्री सीलबंद बाटली, माहितीचा व्यापारी आणि पक्की पावती हीच.

९) पावतीवर सात ओळी

आमच्या मते या धंद्यातला निम्मा अविश्वास तोंडी व्यवहारामुळे आहे. ए.सी.च्या कामाच्या पावतीवर पुढील सात गोष्टी लिहून द्याव्यात व गाडीमालकानेही त्या मागून घ्याव्यात :

(१) दुरुस्तीपूर्वी जाळीतले तापमान. (२) काढलेला गॅस, ग्रॅममध्ये. (३) सापडलेला दोष व त्याची जागा. (४) बदललेले भाग. जुने भाग गिऱ्हाइकाला परत. (५) व्हॅक्यूम किती मिनिटे व काटा टिकला की नाही. (६) भरलेला गॅस व तेल, नावासह व मापासह. (७) दुरुस्तीनंतरचे तापमान.

एक छापील कोरे पुस्तक करून घेतले की हे लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पुढच्या वर्षी तीच गाडी आली तर मागचे आकडे समोर असतात आणि तपासणी निम्म्या वेळात होते. दोष सापडला नाही तर तसे लिहावे. तपासणीची मजुरी मागण्यात कमीपणा नाही. तपासणी हेही काम आहे, आणि तिची मजुरी न घेणारा कारागीरच पुढे अनावश्यक भाग विकून ती वसूल करतो. गाडीमालकांनीही "बघायचे कसले पैसे?" असे म्हणणे सोडले पाहिजे.

गाडीमालकांनी वर्षभर एवढे करावे : केबिन फिल्टर वेळेवर बदलावा. कंडेन्सर साध्या पाण्याने धुवावा. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे ए.सी. चालवावा म्हणजे सील कोरडे पडत नाहीत. उन्हात तापलेली गाडी आधी काचा उघडून चालवावी, मग ए.सी. लावावा. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर "गॅस टाका" असे न सांगता "दोष पाहा" असे सांगावे.